कसे सुटले ते लिहा

चौकाचा एक नियम होता आणि तो टाचणीनेच घालून दिलेला होता. आपली अडचण मिटली की आपल्या प्रश्नाच्या माथ्यावर 'सुटले' असं लिहायचं. आणि एवढंच लिहून पसार व्हायचं नाही. कसे सुटले तेही लिहायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला उपयोग होतो.

हा चौक रस्त्यावरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा, अडलेल्यांनी प्रश्न विचारायचा. एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, कुणा एका कंपनीची नसलेली. जगभरच्या लोकांनी सवडीने बनवलेली, कुणीही घ्यावी, कुणीही उघडून आत काय आहे ते बघावं. पैसे पडत नाहीत. त्यामुळे ती बिघडली की लोकांची मोठीच पंचाईत होते. विकतची सिस्टीम बिघडली तर कंपनीच्या नावाने बोटं तरी मोडता येतात. इथे कंपनीच नाही, मग मोडायची कुणाच्या नावाने? तर चौकात येऊन उत्तरं देणाऱ्यांच्या नावाने. तेही बिचारे फुकटचेच.

टाचणी त्यातलीच एक, आणि बरीच जुनी. पोटापाण्याचं काम चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. समोर फिरणारं चाक, चाकावर थेंब थेंब पडणारं पाणी, काच घासली की बोटांवर चढणारा पांढरा गाळ. पुढच्या दालनात आरसे, दिवे आणि गोड बोलणं. मागे ही, रबरी एप्रन बांधून. कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. नवी विकतची सिस्टीम त्याला झेपेना, म्हणून मालकांनी कुणाकडून तरी ही बिनपैशाची घालून घेतली आणि हात झटकले. ती बिघडली तेव्हा टाचणी पहिल्यांदा चौकात गेली. भीत भीत प्रश्न विचारला. उत्तर आलं, 'आधी जुनं वाचा, मग तोंड उघडा.' ती मोरीपाशी जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन खरंच जुनं सगळं वाचायला बसली. रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून. वाचता वाचता एक दिवस तिला दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. तिथून जी अडकली ती अडकलीच.

नाव टाचणी घेतलं, कारण त्या क्षणी हाताशी टाचणीच होती. पण चौकाने तिला पुरुष ठरवून टाकलं. आपल्या भाषेत हे लपवणं सोपं नाही. 'मी गेले' म्हटलं की संपलं. तिला सुरुवातीच्या अनुभवाने धास्तीच बसलेली, म्हणून ती सगळं आडवळणाने लिही. करून पाहिलं. चाललं. जमलं नाही. वाक्यात स्वतः कुठे उभी राहायचीच नाही. मग ती झाली 'टाचणीभाऊ'. एकाने तर मुलाच्या लग्नाचं आमंत्रण 'टाचणीभाऊ व वहिनी' अशा नावाने धाडलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "यातली वहिनी मी का?"

वर्षं गेली तसा उत्साह निबर झाला. तेच प्रश्न, तोच त्रागा. कुणी म्हणे तुमच्या सिस्टीमने माझे फोटो गिळले, कुणी म्हणे प्रिंटरने संप केला, कुणी नुसतंच शिव्या घालून जाई. टाचणीने मग तयार उत्तरांची एक फाइल करून ठेवली. प्रश्न दिसला की त्यातलं एक उचलायचं नि चिकटवायचं. त्यातलं सगळ्यात लोकप्रिय असं होतं: 'आवृत्ती कोणती, यंत्र कोणतं, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहा. राग घरी ठेवून या.' शेवटचं वाक्य लोकांना इतकं आवडलं की बाकीचेही ते वापरू लागले. टाचणीला त्याचा जरासा अभिमानही होता.

तर त्या दिवशी चौकात एक नवखी बाई आली. लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते, गिऱ्हाईक नसलं की फोनवरून लिहिते, असं तिने मागाहून सांगितलं. तेव्हापासून ती लॉन्ड्रीवाली. तिने लिहिलं होतं, 'तुमच्या सांगण्यावरून अपडेट केलं आणि बाबांची वाचाच गेली. कुणीतरी लवकर सांगा.'

आता असं वाक्य चौकात आलं म्हणजे मेजवानीच. चौकात जुनाजाणता नावाचा एक इसम होता. ज्ञान भरपूर, जीभ त्याहून भरपूर. तो म्हणाला, आमची तर मागच्याच अपडेटला गेली. दुसऱ्याने लिहिलं, बाबांना खुर्चीत बसवा, पाणी द्या, हळूहळू येईल. तिसऱ्याने म्हटलं, आमच्याकडेही असं झालं असतं तर बरं होतं. टाचणी हसली, फाइल उघडली आणि आपलं ते प्रसिद्ध उत्तर चिकटवून चाकाकडे वळली. राग घरी ठेवून या.

उत्तर संध्याकाळी आलं, दुकान आवरायच्या वेळी.

'माझे वडील बोलू शकत नाहीत. अंगातली ताकद गेलीय, एक बोट हलतं. त्या बोटाने ते बटण दाबतात, पडद्यावर अक्षरं जुळतात आणि कॉम्प्युटर त्यांच्यासाठी बोलतो. अपडेट केल्यापासून तो बोलत नाही, आणि अक्षरंही मध्येच थांबतात. अपडेट टाळू नका असं चौकात वर लावून ठेवलंय, ते वाचून मी केलं. मी विनोद केला नव्हता.'

वर लावून ठेवलेला तो सल्ला टाचणीचा होता. खाली तिचं नावही होतं.

जुनाजाणत्याने आपलं वाक्य पुसलं. टाचणीने एप्रन सोडला, पुन्हा बांधला. वाचा गेली म्हणजे खरोखरच वाचा गेली, हे इतक्या जणांत एकाच्याही डोक्यात येऊ नये? तिने फाइल बंद केली आणि हाताने लिहिलं, 'चूक झाली. सुरुवातीपासून सांगा.'

मग लॉन्ड्रीवाली सांगत गेली, तुकड्या तुकड्यांत, मध्येच गिऱ्हाईक आलं की थांबून. बाबा गिलावा करणारे. उभ्या आयुष्यात मोजकं बोलले. आजारपणात हा कॉम्प्युटर कुणीतरी बसवून दिला आणि त्यांना बोलायचा नादच लागला. आवाज यंत्राचा, सपाट, पण त्यातून टोमणे मारायचे. भाऊ घरी आला की म्हणायचे, पाहुणे आले, पाणी विचारा. छताकडे बघून म्हणायचे, हा गिलावा माझा नव्हे, मी एवढा वाकडा करत नाही. आता फक्त डोळे उरले होते. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही.

'हो-नाहीत माणूस किती मावतो?' असं तिने लिहिलं होतं. पुढे तिने खरी गोष्ट सांगितली. श्वास कमी पडायला लागलाय. डॉक्टर विचारताहेत, वेळ आली तर गळ्यात नळी घालायची का. हे बाबांनी स्वतः सांगायला हवं. भाऊ म्हणतो घालायचीच. तिने बाबांना विचारलं तर डोळे मिटले; दोनदा मिटले असं तिला वाटतं, भाऊ म्हणतो तो एकदाच होता, दुसऱ्यांदा नुसती डुलकी. घरात यावरून बोलणं बंद झालंय. 'मला त्यांच्याकडून एक वाक्य हवंय. एकच. मग जे म्हणतील ते.'

टाचणी त्या दिवसापासून दुसरं काही बघेना. शोधता शोधता कळलं की बोलणारा प्रोग्राम कुणा एका माणसाने हौसेने लिहिला होता आणि केव्हाच सोडून दिला होता. त्याने शेवटी लिहून ठेवलं होतं, आता वेळ होत नाही, कुणी पुढे नेणार असेल तर न्यावा. कुणी नेला नव्हता. सिस्टीममध्ये आवाजाची व्यवस्था बदलली आणि हा प्रोग्राम जुन्याच दारावर टकटक करत बसला. टाचणीने सिस्टीम बनवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, प्रोग्राम आमचा नाही, त्याच्या कर्त्याला विचारा. कर्त्याला पत्र धाडलं तर तो पत्ताच बंद. आवाजाचं काम बघणाऱ्यांना विचारलं तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की नव्या व्यवस्थेत काहीही चुकलेलं नाही. कुणीच खोटं बोलत नव्हतं. कुणीच उद्धटपणा केला नाही. फक्त म्हाताऱ्याचा आवाज कुणाच्याच वाटणीला आलेला नव्हता.

तिने मालकांना विचारून कोपऱ्यातला कॉम्प्युटर घरी नेला. नवऱ्याने तो खांद्यावर घेतला, जिना चढला, टेबलावर ठेवला आणि घाम पुसत विचारलं, "कुणाच्या बापासाठी चाललंय एवढं?"

"कुणाच्या तरी बापासाठीच."

त्याने पहाटे उठून चहा ठेवायला सुरुवात केली, कारण ही कामावर जायच्या आधी त्या यंत्रापुढे बसायची. तोच प्रोग्राम, तेच अपडेट, तोच मुका पडदा. सकाळमागून सकाळ गेली. आणि एकदा, नवरा कपबशी टेबलावर ठेवत असताना, यंत्र सपाट आवाजात म्हणालं, 'नमस्कार.' तो दचकून म्हणाला, "नमस्कार." मग दोघं हसली. बऱ्याच दिवसांनी.

उपाय एका ओळीचा होता. प्रोग्राम सुरू करताना ती ओळ द्यायची, म्हणजे तो नवं दार वापरतो. टाचणीने ओळ चौकात लिहिली, कुठे टाकायची, कशी टाकायची ते लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीवालीचं उत्तर आलं, चालत नाही. टाचणीने परत सांगितलं. परत तेच. यंत्र म्हणतंय, असं काही मला ठाऊक नाही. जुनाजाणत्याने इमानदारीने स्वतः करून पाहिलं, त्याचं चाललं. पण त्याने ओळ हाताने टाइप केली होती. सगळे चक्रावले. टाचणीने आवृत्ती विचारली, यंत्र विचारलं, प्रत्येक गोष्ट जुळत होती. दिवस वाया चालले होते, आणि लॉन्ड्रीवालीची वाक्यं आखूड होत होती. आज बाबांना धाप जास्त. आज दवाखान्यात नेतोय. आज परत आणलं.

मग दुकानात चष्म्याच्या काचेवर मध्याची खूण म्हणून बारीक रेघ ओढताना टाचणीचा हात थबकला. ओळीत दोन छोट्या आडव्या रेघा होत्या, एकीला लागून एक. चौकाच्या पानाला मजकूर सुबक करून दाखवायची हौस होती. त्याने त्या दोन रेघा जोडून एक लांब रेघ केली होती. बघायला छान. यंत्राच्या दृष्टीने ती वेगळीच खूण. लॉन्ड्रीवाली बिचारी घरी बाबांच्या यंत्रावर चौक उघडून ती ओळ जशीच्या तशी उचलून चिकटवत होती, टाचणीने सांगितलं होतं तस्सं. दिवसभर लोकांच्या नजरेचं बघणाऱ्या टाचणीला आपल्याच ओळीतली रेघ दिसली नव्हती. आपण लिहिलेलं आपण पुन्हा वाचतो कुठे? जे लिहायचं होतं तेच दिसत राहतं.

तिने तशीच ओल्या हातांनी दुकानाच्या फोनवरून चौक उघडला आणि लिहिलं, लांब रेघ पुसा, दोन छोट्या घाला, हाताने टाइप करा.

त्यावर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एके दुपारी, डबा उघडताना, लॉन्ड्रीवालीच्या प्रश्नाच्या माथ्यावर तिला तो शब्द दिसला.

सुटले.

टाचणीने डब्याचं झाकण तसंच ठेवलं. आणि सवयीने, दुसरं काही मनात यायच्या आत, तिची बोटं चालली: 'छान. कसे सुटले ते लिहा.' खाली मग रांगच लागली. अभिनंदन. टाचणीभाऊंचा विजय असो. टाळ्यांची चित्रं. जुनाजाणता म्हणाला, बाबांना सांगा, आता घरच्या बाकीच्यांनाही मधूनमधून बोलू द्या.

घरी जाताना ती बस सोडून चालत गेली. नवरा बाहेरच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं की ते बोलायला लागले.

"काय म्हणाले?"

ते तिने विचारलंच नव्हतं. नळीचं काय ठरलं तेही नाही. नवरा म्हणाला, मग तुला कळलं कसं? तिने सांगितलं की प्रश्नावर लिहिलंय ना त्या बाईने, सुटले म्हणून. त्याने बूट खाली ठेवला.

"नुसतं 'सुटले'?"

"नुसतंच. चौकात तसंच लिहितात."

"चौकात लिहीत असतील," तो सावकाश म्हणाला. "आमच्यात फोनवर कुणी नुसतं 'सुटले' म्हणालं ना, तर आम्ही चपला घालतो पायात."

वर्षानुवर्षं ती हा शब्द रोज वाचत होती. लोकांना तो लिहायला तिनेच लावलं होतं. कोडं सुटावं, गाठ सुटावी, तसा. म्हातारं माणूस हालांतून सुटतं, तेव्हाही हाच शब्द लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या सासूच्या वेळी तिने स्वतःच तो चार जणांना कळवला होता. आणि आज त्याच शब्दाखाली ती 'छान' लिहून आली होती.

जिन्यात उभं राहून तिने फोन उघडला. टाळ्या वाढल्या होत्या. लॉन्ड्रीवाली गप्प होती. टाचणीने तिला एकटीला निरोप लिहायला घेतला, पुसला, पुन्हा घेतला. माफ करा म्हणावं, तर तिचा अर्थ दुसराच असला तर? बाबा कसे आहेत असं विचारावं, तर त्याहून वाईट. शेवटी तिने काहीच पाठवलं नाही.

उत्तर आलं ते सगळ्यांसमोर, आणि दोन दिवसांनी.

'बाबा सुटले. तुम्ही रेघेचं लिहिलंत तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. यंत्र घरी होतं. नळीचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की नुसतेच मिटले होते, हे मला आता कुणी सांगू शकणार नाही. तुम्हीही नाही. भाऊ बोलत नाही. खालची अभिनंदनं पुसू नका. बाबांना हसू आलं असतं. मला नाही आलं.'

चौकाची देखभाल बघणारा एक जण होता, त्याला सगळे पहारेकरी म्हणत. त्याने टाचणीला बाजूला घेऊन विचारलं, सगळं पुसून टाकू का, बरं दिसत नाही. टाचणीने कळवलं की लॉन्ड्रीवाली नको म्हणालीय, राहू दे. मग त्या पानावर टाचणीचं 'छान' तसंच राहिलं, नावासकट. लोकांनी खाली सांत्वनाचं लिहिलं. जुनाजाणत्याने पुष्कळ लिहिलं, तो आधी कधी इतकं सरळ बोलला नव्हता. टाचणीने आपला अपडेटचा सल्ला वरून काढला, मग परत लावला, कारण सल्ला चुकीचा नव्हता. त्याखाली फक्त एक वाक्य घातलं: घरात कुणी या यंत्रावर विसंबून असेल तर आधी विचारा.

नवऱ्याने कॉम्प्युटर पुन्हा खांद्यावर घेऊन दुकानात पोहोचवला. जाताना म्हणाला, दोन दिवस आधी दिसली असती रेघ, तरी तो माणूस काय म्हणाला असता ते कुणाला ठाऊक. ती म्हणाली, तेच तर. त्यालाच ठाऊक होतं.

त्यानंतर ती चौकात जायची, पण वाचून परत यायची. काचा घासत होती. मालकांनी एकदा विचारलं की तब्येत बरी आहे ना, एवढी गप्प का. तिने चाकाच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

मग बऱ्याच काळाने, कुणी वाट बघत नसताना, त्या जुन्या प्रश्नाखाली लॉन्ड्रीवालीने लिहिलं.

'यंत्र एका शाळेला द्यायचं म्हणून आज उघडलं. लांब रेघ पुसून दोन छोट्या घातल्या, हाताने. आवाज आला. ऐकायला घरात मी एकटीच होते. बाबांच्या त्या सपाट आवाजात त्याने मी टाइप केलेलं शाळेचं नाव वाचलं. कसे सुटले ते लिहा असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून लिहिलं. मागून येणाऱ्याला उपयोग होईल.'

टाचणीने ते दोनदा वाचलं. एप्रनला हात पुसले. चाक बंद करायचं राहिलं होतं, ते काचेशिवाय तसंच फिरत होतं, पाणी थेंब थेंब पडत होतं. तिने उत्तर दिलं नाही.

पण चौक बंद करता करता वरती एक नवा प्रश्न दिसला. कुणीतरी नवखं. 'अपडेट केलं आणि आवाज गेला. वैताग आलाय नुसता. कुणी आहे का इथे की सगळे मेले?'

जुनाजाणता अजून आला नव्हता. टाचणीने सवयीने तयार उत्तरांची फाइल उघडली. राग घरी ठेवून या, या वाक्यावर तिची नजर अडकली. तिने फाइल मिटली आणि सावकाश, एकेक अक्षर बघत लिहिलं.

'आहे. ऐकतेय. कुणाचा आवाज गेला?'

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती वाक्यात उभी राहिली होती. खाली लगेच कुणीतरी विचारलं, टाचणीभाऊ, ऐकतेय म्हणजे? तिने तिकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडे बघत थांबली, पलीकडून कोण बोलतंय त्याची वाट बघत.